ब्यूट नगरातील ड्युमास वेश्यागृह : एका वास्तूची साक्ष

(१)

खाणींच्या नगरांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास साधनांची उणीव सहसा भासत नाही. कंपन्यांचे जमाखर्च, जमिनीच्या हक्कांवरून चाललेले खटले, कामगारसंघांची इतिवृत्ते, अपघातांच्या चौकशीचे अहवाल आणि स्थानिक वृत्तपत्रे यांचा एवढा मोठा साठा उपलब्ध असतो की, निवड कशी करावी हाच प्रश्न पडावा. परंतु त्याच नगरांत, त्याच काळात, खाणकामगारांच्या मजुरीतून ज्यांच्या उपजीविकेचा पैसा येई, अशा एका मोठ्या स्त्रीवर्गाविषयी ही साधने बहुधा मूक असतात. आणि जेथे बोलतात तेथे पोलिसांच्या, वैद्यांच्या अथवा धर्मोपदेशकांच्या तोंडून बोलतात. त्या स्त्रियांनी स्वतः लिहून ठेवलेले फारच थोडे. अशा वेळी ज्या घरांत त्या राहिल्या, त्या घरांकडेच साधन म्हणून पाहणे प्राप्त होते.

अमेरिकेच्या पश्चिम भागात अशी काही घरे वस्तुसंग्रहालये म्हणून जतन करण्यात आली. कोलोराडो राज्यातील क्रिपल क्रीक येथील ‘ओल्ड होमस्टेड’, आयडाहो राज्यातील वॉलेस येथील ‘ओअॅसिस’ आणि माँटाना राज्यातील ब्यूट येथील ‘ड्युमास’ ही त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होत. तिन्ही नगरे खाणींवर वाढली. पहिल्यात सोने, दुसऱ्यात रूपे व शिसे, तिसऱ्यात तांबे. तिन्ही ठिकाणी मालक आणि कामगार यांच्यात रक्तरंजित संघर्ष झाले. प्रस्तुत निबंधात यांपैकी ड्युमास या वास्तूचा विशेष विचार करावयाचा असून, उरलेल्या दोहोंचा आधार तुलनेपुरता घेतला आहे.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : या संग्रहालयांत प्रेक्षकाला ज्या कथा ऐकावयास मिळतात त्यांपेक्षा तेथील भिंती, दारे आणि जिने अधिक विश्वसनीय आहेत. कथा सांगतात की, हा धंदा म्हणजे काही धीट आणि उदार स्त्रियांचे साहस होते. वास्तू सांगते की, तो जमीनमालकी, भाडे आणि दंड यांवर उभा असलेला एक व्यवस्थित व्यवहार होता, आणि त्यात सर्वांत कमी वाटा ज्यांच्या पदरी पडला त्यांचीच नावे लोपली.

(२)

ब्यूटचा आरंभ १८६४ मध्ये ओढ्याच्या वाळूत सापडलेल्या सोन्याने झाला. ते सोने लवकरच सरले. १८७० नंतरच्या दशकात रुप्याच्या खाणींनी नगराला पुन्हा जीव दिला. आणि पुढे मार्कस डेली याच्या अॅनाकोंडा खाणीत तांब्याची विलक्षण रुंद शीर लागली, तेव्हा या डोंगराचे भाग्य पालटले. विजेचे दिवे आणि तारा यांचे युग नुकतेच सुरू होत होते व तांब्याला जगभर मागणी होती. ‘पृथ्वीवरील सर्वांत धनवान टेकडी’ असे बिरुद ब्यूटला याच काळात लाभले. डेली, विल्यम क्लार्क आणि ऑगस्टस हाइन्झ हे ‘ताम्रनृपती’ म्हणून ओळखले गेले व त्यांच्या भांडणांनी राज्याचे राजकारण अनेक वर्षे ढवळून निघाले.

जनगणनेनुसार ब्यूटची लोकसंख्या १८९० मध्ये १०,७२३ होती. १९०० मध्ये ती ३०,४७० झाली आणि १९१० मध्ये ३९,१६५ वर गेली. आयर्लंड, कॉर्नवॉल, फिनलंड, इटली, सर्बिया, चीन अशा नाना देशांतून आलेल्या या वस्तीत अविवाहित किंवा कुटुंब मागे ठेवून आलेल्या पुरुषांचा भरणा मोठा होता. ते भाड्याच्या खोल्यांत राहत, खाणावळीत जेवत आणि पाळ्यापाळ्यांनी जमिनीखाली उतरत. कामगारसंघ प्रबळ असल्यामुळे खाणकामगाराला दिवसाला साडेतीन डॉलर मजुरी मिळे. त्या काळच्या मानाने ही मजुरी चांगली होती. रोख मजुरी, घर नसलेले पुरुष आणि रात्रंदिवस चालणाऱ्या पाळ्या या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या, तेथे दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे आणि वेश्यागृहे यांची रांग लागणे अपरिहार्य होते. गॅलेना स्ट्रीट, मर्क्युरी स्ट्रीट आणि त्यांच्या मधला बोळ ही ब्यूटमधील त्या धंद्याची जागा. नगराच्या मुख्य बाजारपेठेपासून ती हाकेच्या अंतरावर होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या व्यवहाराविषयी सभ्य समाज बोलत नसे, तो व्यवहार नगराबाहेर नव्हता, नगराच्या मध्यावर होता.

(३)

ड्युमासची इमारत १८९० मध्ये मर्क्युरी स्ट्रीटवर उभी राहिली. ती बांधणारे जोसेफ व आर्थर नादो हे बंधू फ्रेंच कॅनेडियन वंशाचे होते. कागदोपत्री मालकी जोसेफची पत्नी डेलिया हिच्या नावे होती आणि तिच्या माहेरच्या आडनावावरूनच घराला नाव मिळाले. या साध्या तपशिलाचे महत्त्व मोठे आहे. राहते घर किंवा खाणावळ पुढे बिघडून वेश्यागृह झाली, असा हा प्रकार नव्हे. एका कुटुंबाने, भांडवल गुंतवून, याच कामाकरिता, विटांची पक्की दुमजली इमारत बांधली. उत्पन्नाची खात्री असल्यावाचून असे कोणी करीत नाही.

इमारतीची अंतर्रचना पाहू गेल्यास हा हेतू अधिकच स्पष्ट होतो. मध्यभागी लांब मार्ग, वर छतातील काचेच्या झरोक्यातून येणारा उजेड, आणि दोन्ही बाजूंस खोल्या. या खोल्यांना मार्गाच्या बाजूने खिडक्या आहेत. घराच्या खिडक्या सामान्यतः बाहेरचा उजेड व वारा आत यावा म्हणून असतात. येथील खिडक्या आतल्या मार्गावरून चालणाऱ्याला खोलीतील व्यक्ती दिसावी म्हणून आहेत. दुकानदार माल मांडतो त्याच तत्त्वावर ही योजना केलेली दिसते. वरच्या मजल्यावरील खोल्या प्रशस्त. तेथे पियानो, मद्य, संभाषण आणि सावकाशपणा यांची किंमत ग्राहकाकडून घेतली जाई. अशा घराला तेथे ‘पार्लर हाउस’, म्हणजे दिवाणखान्याचे घर, म्हणत.

परंतु तळघरात उतरले की दुसरेच जग लागते. तेथे ‘क्रिब’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोठड्या आहेत. एक पलंग, हात धुण्याचे भांडे व एखादी खुर्ची मावेल एवढीच जागा. मागणी वाढली तशी तळघरात व मागच्या बाजूस अशा कोठड्यांची भर पडत गेली, आणि पुढे वरच्या प्रशस्त खोल्याही विभागल्या गेल्या. क्रिबमध्ये काम करणारी स्त्री बहुधा पाळीपुरती कोठडी भाड्याने घेई. ग्राहक मिळो वा न मिळो, भाडे चुकत नसे. वरच्या मजल्यावरील स्त्री निदान जेवणखाण, निवारा आणि दारावरच्या राखणदाराचे संरक्षण तरी मिळवी. बोळाकडे तोंड असलेल्या दारात उभ्या राहणाऱ्या स्त्रीला यांतले काहीच नव्हते.

एलेन बॉम्लर या माँटानाच्या इतिहासाच्या अभ्यासिकेने ब्यूटमधील वेश्याव्यवसायावर १९९८ मध्ये लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच ‘दालनापासून तळघरापर्यंत’ असा उल्लेख केला आहे. तो यथार्थ आहे. एकाच छपराखाली दोन्ही टोके शिल्लक असणे, हे ड्युमासचे ऐतिहासिक मूल्य. जिन्याच्या काही पायऱ्या उतरताना प्रेक्षक त्या व्यवसायातील वर्गभेदाच्या पायऱ्या उतरत असतो. वंशभेदाच्या पायऱ्याही त्यांतच आहेत. दिवाणखान्याच्या घरांत बहुतेक अमेरिकेत जन्मलेल्या गौरवर्णी स्त्रिया असत. बोळातील कोठड्यांत युरोपातून आलेल्या परभाषी स्त्रिया, कृष्णवर्णी स्त्रिया आणि चिनी स्त्रिया असत. १८७५ च्या पेज कायद्याने ‘वेश्याव्यवसायार्थ’ आणल्या जाणाऱ्या स्त्रियांस देशात येण्यास बंदी केली होती व व्यवहारात चिनी स्त्रियांचे आगमनच तिने रोखले. त्यामुळे ज्या थोड्या चिनी स्त्रिया तेथे होत्या, त्यांची स्थिती सर्वांत निराधार होती.

(४)

कायद्याच्या पुस्तकात हा व्यवसाय निषिद्ध होता. मग तो ९२ वर्षे चालला कसा? याचे उत्तर नगरपालिकेच्या व्यवहारात सापडते. व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांकडून ठराविक मुदतीने दंड घेतला जाई. नावाने तो दंड, परंतु नेमाने घेतला जाणारा आणि आगाऊ ठरलेला दंड म्हणजे परवान्याचे शुल्कच. त्यातून नगराच्या तिजोरीत भर पडे आणि सज्जनांवर कराचा भार तेवढा हलका होई. मेरी मर्फी यांनी १८७८ ते १९१७ या काळातील ब्यूटच्या वेश्यांविषयी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे संबंध उलगडून दाखविले आहेत. या वस्तीतील इमारतींची मालकी अनेकदा प्रतिष्ठित नागरिकांकडे असे, हेही त्यांच्या संशोधनातून दिसते. स्त्रीला पकडले जाई, घरमालकाला भाडे पोचे.

याच संदर्भात आगीच्या विम्याकरिता सॅनबॉर्न कंपनीने काढलेले नगरांचे नकाशे उल्लेखनीय आहेत. प्रत्येक इमारत विटांची की लाकडी, तिचा उपयोग काय, हे त्यांत नोंदलेले असते. वेश्यागृहांवर या नकाशांत ‘स्त्रियांचे निवासगृह’ अशा अर्थाचा शिक्का आढळतो. विमा कंपनीला जे ठाऊक होते आणि छापील नकाशात दाखविण्यास जिला संकोच वाटला नाही, ते नगराच्या न्यायाधीशांस ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? या नकाशांवरून त्या काळच्या वस्तीचा विस्तार व संकोच घर-घर मोजता येतो. वृत्तपत्रातील चटकदार वृत्तांतापेक्षा हे कोरडे साधन इतिहासकाराच्या अधिक उपयोगी पडते.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून सुधारकांचा दाब वाढला. रस्त्याकडील दारांतून स्त्रियांना हटवून मागच्या बोळात लोटण्यात आले. १९१० च्या मॅन कायद्याने स्त्रियांना अनैतिक हेतूने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे हा संघराज्याचा गुन्हा ठरविला. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि सैनिकांच्या आरोग्याच्या नावाखाली देशभर अशा वस्त्या बंद करण्याची मोहीम निघाली. ब्यूटची वस्तीही त्या वर्षी अधिकृतपणे बंद झाली. प्रत्यक्षात ती दृष्टीआड झाली एवढेच. १९३० नंतरच्या दशकात त्या बोळाच्या तोंडाशी लाकडी कुंपण घालून अल्पवयीनांस मज्जाव करणारी पाटी लावण्यात आली. बंद असलेल्या वस्तीला फाटक आणि पाटी असावी, यापेक्षा अधिकृत ढोंगाचा बोलका पुरावा कोणता? दुसऱ्या महायुद्धात पुन्हा बंदी आली. ड्युमासच्या तळघरातील कोठड्यांचा उपयोग त्या सुमारास संपला. वरचे मजले मात्र गुपचूप चालू राहिले.

१९१७ या वर्षाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या वर्षी ८ जून रोजी ग्रॅनाइट माउंटन व स्पेक्युलेटर या खाणींत आग लागून १६८ कामगार मृत्युमुखी पडले. अमेरिकेतील धातूंच्या खाणींत याहून मोठी दुर्घटना झालेली नाही. त्यानंतर संप झाला, आणि १ ऑगस्ट रोजी फ्रँक लिटल या कामगार संघटकास मुखवटा घातलेल्या इसमांनी रात्री बिछान्यातून ओढून नेऊन फाशी दिले. आगीत मरण पावलेल्यांचे स्मारक ब्यूटमध्ये आहे. कोंडून पडलेल्या काही कामगारांनी मरणापूर्वी आपल्या स्त्रियांना लिहिलेली पत्रेही जपली गेली आहेत. कामगाराच्या मृत्यूला नाव, तारीख आणि शिलालेख मिळाला. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, अफूचा अर्क किंवा विष घेऊन, रोगाने किंवा मारहाणीने मरण पावलेल्या स्त्रियांची आठवण वृत्तपत्रातील चार ओळींपलीकडे गेली नाही. अनेकींचे छापलेले नावही खरे नव्हते, कारण घराण्याची अब्रू जपण्यासाठी त्यांनी ते आधीच टाकले होते.

(५)

आता तुलनेकडे वळू. क्रिपल क्रीकमधील ओल्ड होमस्टेड हे घर १८९६ च्या एप्रिलमध्ये नगराची राखरांगोळी करणाऱ्या दोन आगींनंतर विटांनी बांधले गेले. १९५८ मध्ये त्याचे संग्रहालय झाले. तेथील कथेची नायिका पर्ल डीव्हियर ही त्या घराची चालक. १८९७ च्या जूनमध्ये, घरातील एका मेजवानीनंतर, मॉर्फिनच्या अतिसेवनाने तिचा अंत झाला. तिचा उंची पोशाख, तिची थाटाची अंत्ययात्रा यांच्या कथा प्रेक्षकांना सांगितल्या जातात व प्रेक्षक हळहळतात. परंतु त्याच मायर्स अॅव्हेन्यूवर शेकडो स्त्रियांनी क्रिबमध्ये दिवस काढले. ज्युलियन स्ट्रीट या लेखकाने १९१४ मध्ये ‘कोलियर्स’ नियतकालिकात या नगराविषयी लिहिताना भव्य दिवाणखान्याचे नव्हे, तर अशाच एका कोठडीतील स्त्रीशी झालेल्या भेटीचे वर्णन केले. नगरवासीयांना त्याचा एवढा राग आला की, त्या बदनाम रस्त्यालाच त्यांनी लेखकाचे नाव देऊन सूड उगविला. जिच्याविषयी लिहिले म्हणून नगर चिडले, ती कोठड्यांची रांग आज उरलेली नाही. विटांचे श्रीमंत घर तेवढे टिकले. साधनांच्या टिकण्यातही वर्गभेद असतो तो असा.

वॉलेसचे उदाहरण निराळे आहे. आयडाहोच्या या लहानशा नगरात हा व्यवसाय १९८० नंतरच्या दशकापर्यंत उघडपणे चालला. ओअॅसिस या घरातील स्त्रिया १९८८ च्या जानेवारीत घाईघाईने निघून गेल्या. कपडे, प्रसाधने, स्वयंपाकघरात आणून ठेवलेला वाणसामान, भिंतीवरील दरपत्रक आणि ग्राहकाचा वेळ मोजण्याची घड्याळे, सारे जागच्या जागी राहिले व तसेच दाखविले जाते. काही अंशी हे पाँपेईसारखे आहे : एक क्षण गोठला. दरपत्रक आणि घड्याळ एकाच खोलीत पाहिल्यावर हा व्यवसाय मिनिटांच्या हिशेबाने चालणारे श्रम होते, हे सांगण्यास मार्गदर्शकाची गरज राहत नाही. वॉलेसमध्ये आवडीने सांगितली जाणारी कथा मात्र दुसरीच आहे : वेश्यागृहांच्या चालक स्त्रियांनी शाळेच्या वाद्यवृंदाला गणवेश दिले, नगराच्या कामांना देणग्या दिल्या. हेदर ब्रॅन्स्टेटर यांनी मौखिक इतिहासाच्या आधारे २०१७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या परस्परावलंबनाचा सविस्तर विचार केला आहे. ही देणगी खोटी नव्हे. परंतु ज्या घराचे अस्तित्व पोलिसांच्या मर्जीवर आहे, त्याने नगराला दिलेली देणगी ही निव्वळ उदारता म्हणावी की संरक्षणाची किंमत, हा प्रश्न विचारल्यावाचून इतिहासकाराला पुढे जाता येत नाही.

अशा रीतीने क्रिपल क्रीक येथे दंतकथा, वॉलेस येथे गोठलेला क्षण आणि ब्यूट येथे थरांवर थर चढलेली वास्तू, असे साधनांचे तीन प्रकार आपल्यापुढे येतात. यांपैकी काळाचा ओघ दाखविण्याचे सामर्थ्य तिसऱ्यात अधिक आहे. दालनाची कोठडी झालेली दिसते, कोठडीला टाळे पडलेले दिसते, आणि प्रत्येक बदलामागे बाजाराचा अथवा कायद्याचा हात ओळखता येतो.

याच्या उलट सावधगिरीचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. पश्चिमेकडील पर्यटनस्थळी जुन्या वेश्यागृहांची नावे कोरलेली पितळी नाणी विकली जातात. त्यांतील बहुसंख्य अलीकडे पाडलेली आहेत, हे नाणकशास्त्राच्या जाणकारांस ठाऊक आहे. वस्तू हाताला लागली म्हणजे पुरावा हाती आला, असे नव्हे. भिंत हलविता येत नाही, म्हणून ती नाण्यापेक्षा अधिक प्रामाणिक असते.

(६)

वास्तू बोलते, पण तिच्या बोलण्यालाही मर्यादा आहेत. कोठडीची लांबीरुंदी तीत राहणाऱ्या स्त्रीचे मन सांगत नाही. ती तेथे का आली, फसवून आणली गेली की अन्य वाटा बंद झाल्या म्हणून आली, तिला सुटका हवी होती की अधिक चांगले घर, हे भिंतीवर लिहिलेले नसते. याविषयी विद्वानांत मतभेद आहेत व ते उपयुक्त आहेत. पॉला पेट्रिक यांनी हेलेना या शेजारच्या नगराच्या दस्तऐवजांवरून दाखविले की, आरंभीच्या काळात तेथील अनेक स्त्रिया स्वतः मालमत्तेच्या धनी होत्या, कर्जे देत-घेत होत्या. पुढे धंद्याची सूत्रे पुरुषांच्या हाती गेली. उलटपक्षी अॅन बटलर यांच्या १९८५ च्या ग्रंथात दारिद्र्य, व्यसन आणि हिंसा यांचेच चित्र ठळक आहे. नेव्हाडातील रुप्याच्या खाणींच्या प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्या मॅरियन गोल्डमन यांनीही या व्यवसायातील उतरंड दाखवून दिली आहे. ड्युमासची इमारत पाहता असे वाटते की, या मतांत वाटतो तेवढा विरोध नाही. वरच्या मजल्यावर उभे राहून पाहिले तर पेट्रिक यांचे म्हणणे पटते, तळघरातून पाहिले तर बटलर यांचे. प्रश्न एवढाच की, एकूण स्त्रियांपैकी किती जणी वर होत्या आणि किती खाली. आणि वरची स्त्री वय वाढल्यावर खाली उतरे, तशी खालची वर चढे काय?

या स्त्रियांचा स्वतःचा आवाज क्वचितच ऐकू येतो. ‘मॅडलिन’ हे निनावी आत्मचरित्र १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखिकेच्या आयुष्याचा काही काळ ब्यूटमध्ये गेला होता. बेन लिंडसे या सुप्रसिद्ध न्यायाधीशाची प्रस्तावना असूनही या ग्रंथावरून प्रकाशकावर अश्लीलतेचा खटला झाला. पुस्तकात चोरून वाचण्यासारखे काही नाही. एका स्त्रीने आपल्या श्रमाचा, फसगतीचा व सुटकेचा हिशेब मांडला आहे. जो व्यवहार उघड चालू होता त्यावर नगराने फाटक लावले, आणि त्याविषयी एक स्त्री लिहू लागली तेव्हा कायदा जागा झाला, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

आणखी एका योगायोगाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. ज्या १८९० साली ड्युमास उभे राहिले, त्याच साली ब्यूटमध्ये ‘विमेन्स प्रोटेक्टिव्ह युनियन’ ही स्त्रियांची कामगार संघटना स्थापन झाली. खाणावळींत वाढणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या स्त्रिया तीत एकत्र आल्या व तिने पुढे कित्येक दशके चिकाटीने काम केले. दोन्ही ठिकाणच्या स्त्रिया एकाच नगरातल्या, बऱ्याचदा एकाच परिस्थितीतून आलेल्या, आणि दोघींचेही उत्पन्न अखेर खाणकामगाराच्या खिशातून येणारे. एकीच्या श्रमाला संघटनेने नाव दिले, दर ठरविला, इतिवृत्त लिहिले; म्हणून तिचा इतिहास लिहिता येतो. दुसरीच्या श्रमाला श्रम म्हणण्यासच कोणी तयार नव्हते, म्हणून तिच्यासाठी दंडाची पावती तेवढी उरली. ड्युमासच्या संग्रहालयात या संघटनेचा उल्लेख ठळकपणे होईल, त्या दिवशी प्रेक्षकाला ब्यूटच्या स्त्रियांचा इतिहास अधिक पूर्ण स्वरूपात दिसेल असे आम्हास वाटते.

(७)

ड्युमास १९८२ मध्ये बंद झाले. शेवटच्या चालक स्त्रीला शिक्षा झाली ती वेश्याव्यवसायाबद्दल नव्हे, प्राप्तिकर चुकविल्याबद्दल. राज्यसंस्थेचा या घराशी असलेला संबंध आरंभापासून पैशाचा होता व अखेरही पैशावरच झाली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. त्याच वर्षी बर्कली येथील प्रचंड उघड्या खाणीतील काम थांबले आणि जमिनीखालील पाणी उपसणारे पंपही बंद करण्यात आले. १९५५ मध्ये सुरू झालेल्या त्या खाणीने मीडरव्हिल, मॅक्वीन यांसारख्या कामगारांच्या वस्त्याच्या वस्त्या गिळल्या होत्या. आता तो खड्डा विषारी पाण्याने भरू लागला. डोंगरातून जे काढण्यासारखे होते ते काढून झाल्यावर डोंगराची जी अवस्था झाली, ती आणि कोठड्यांना लागलेली टाळी, या दोन गोष्टी एकाच वर्षीच्या असाव्यात याचा बोध वेगळा सांगावयास नको.

त्यानंतर ही वास्तू एका खाजगी खरेदीदाराकडे गेली व तिचे संग्रहालय झाले. आजच्या काळात हा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या एका संघटनेनेही तिच्या जतनाच्या प्रयत्नात भाग घेतला. ज्यांचा इतिहास, त्यांनीच तो सांगावा, हा त्यामागील विचार आदरणीय होता. पुढे पैशाअभावी संग्रहालयाचे दार काही काळ बंद राहिले व मालकी पुन्हा बदलली. ब्यूटचा जुना भाग १९६१ मध्येच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाला असला, तरी अशा नामनिर्देशाने गळके छप्पर दुरुस्त होत नाही.

या वास्तू जतन कराव्यात की पाडून टाकाव्यात, असा वाद अधूनमधून निघतो. लाजिरवाण्या गोष्टींचे प्रदर्शन कशाला, असे एक पक्ष म्हणतो; पर्यटक येतात आणि नगराला उत्पन्न होते, असे दुसरा म्हणतो. आमच्या मते दोन्ही पक्ष एकाच चुकीचे वाटेकरी आहेत. पहिला पक्ष त्या स्त्रियांना नगराच्या इतिहासातून वगळतो. दुसरा त्यांच्याकडून, त्या मेल्यावरही, नगरासाठी कमाई करून घेतो. वास्तू जतन केली पाहिजे, ती यासाठी की तिच्यावाचून या स्त्रियांच्या बाजूने साक्ष देणारे दुसरे फारसे काही उरलेले नाही. परंतु जतन करताना प्रेक्षकाला वरच्या मजल्यावरील झुंबराखाली थांबवून परत पाठविता कामा नये. त्याला तळघरात न्यावे, कोठडीचे भाडे कोण घेई ते सांगावे, दंड कोणत्या तिजोरीत जमा होई ते दाखवावे, विम्याच्या नकाशावरील तो सौम्य शब्द वाचावयास द्यावा. आणि त्या कोठडीत राहिलेल्या स्त्रीचे नाव जेथे सापडत नाही, तेथे नवी नायिका रचून न बसविता ती जागा रिकामी ठेवावी. कंपन्यांच्या, मालकांच्या आणि ताम्रनृपतींच्या नावांनी भरलेल्या नगरात तेवढी एक रिकामी जागा इतिहासाच्या दृष्टीने अधिक सत्य ठरेल.